कुठलं स्टेट?

"सतरावं?" फोनवर पलीकडच्या पोरीनं विचारलं. न्यूयॉर्कची पोरगी, नाकातून बोलणारी आणि कायम घाईत.

व्हर्जिल टिडवेलनं सतरावं कॉलेज सांगितलं, अठरावं सांगितलं, एकोणिसावं सांगितलं आणि तो थांबला. फोनची वायर भिंतीपासून स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत ताणलेली होती. शेगडीपाशी त्याची बायको इमोजीन कालची उरलेली चवळी गरम करत होती. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खाल्ली की वर्ष चांगलं जातं, म्हणून काल तिनं दोन वाडगे रिचवले होते, आणि तेवढ्यानं भागलं नसेल या धास्तीनं आज पुन्हा तेच. तिनं डाव पातेल्यातच सोडला आणि ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हॅलो? विसावं कोण?"

"स्टेट," व्हर्जिल म्हणाला.

"स्टेट?"

"हो, हो. स्टेट."

पोरीनं नियमाप्रमाणे सगळी यादी वाचून दाखवली. तिचं वाचणं म्हणजे पत्र्यावर मक्याचे दाणे ओतावेत तसं. शेवटी ती कसलंसं स्टेट म्हणाली, बरोबर ना म्हणाली, आणि व्हर्जिल म्हणाला, बरोबर. त्यानं फोन ठेवला.

"घातलंस?" इमोजीननं विचारलं.

"घातलं."

"विसावं?"

"विसावं."

"अठरावं घातलं असतंस तर हात झडले असते का तुझे?"

"अगं, ते विसावेच आहेत. ऑगस्टात म्हणालो विसावे, आज म्हणतो विसावे. अठरावे कुठून आणू?"

"त्या तुझ्या खरेपणाचं लोणचं घाल," इमोजीन म्हणाली. "आणि पोरगी निघून गेली ना, की ते खात बस एकटाच."

तिचं चुकत होतं असं नाही. पण आधी स्टेटचं सांगायला हवं.

टॅलोकी गावात स्टेट म्हणजे टॅलोकी स्टेट कॉलेज. पूर्ण नाव फक्त दगडी कमानीवर कोरलेलं. बाकी कुणाच्या तोंडी नाही. पोरं स्टेटला जातात, म्हाताऱ्या स्टेटच्या दवाखान्यात दात काढून घेतात, आणि शरद ऋतूतल्या शनिवारी सगळं गाव स्टेटच्या मैदानावर घसा फोडत असतं. दुसरी कुठली स्टेट असतीलही, असू देत बापडी. अलाबामाच्या या कोपऱ्यात त्यांचं कुणाला काय!

व्हर्जिल गावच्या 'गॅझेट'मध्ये खेळांचं पान लिहायचा. देशभरातले जे साठेक क्रीडालेखक कॉलेज फुटबॉलची क्रमवारी ठरवतात, त्यांच्यात त्याचं एक मत होतं. विसांचीच यादी. पहिल्याला वीस गुण, विसाव्याला एक. बापाकडून शेत मिळावं तसं ते मत त्याला आधीच्या संपादकाकडून मिळालं होतं, आणि त्यानं ते तसंच जपलं होतं. टॅलोकीत त्यामुळे त्याला मानही होता आणि शिव्याही होत्या.

शिव्या मुख्यतः ऑगस्टात. हंगाम सुरू व्हायच्या आधी बफर्ड लेडबेटरच्या केशकर्तनालयात सगळे जमायचे आणि व्हर्जिलनं सांगायचं, शेवटच्या क्रमवारीत स्टेट कितवं येणार. बफर्ड तो आकडा दुकानाच्या मोठ्या काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशनं बाहेरून रंगवायचा. अंदाज खरा ठरला तर आकडा वसंतापर्यंत तसाच. खोटा ठरला तर ज्याचा अंदाज त्यानंच बादली-फडकं घेऊन सगळ्यांच्या देखत काच पुसायची. आता गंमत अशी, की व्हर्जिल दरवर्षी एकच सांगायचा: येत नाही. बफर्ड मोठं शून्य काढायचा. आणि जानेवारीत ते शून्य खरं ठरायचं. काच पुसायची वेळ व्हर्जिलवर कधी आलीच नव्हती.

यंदा ऑगस्टात व्हर्जिल म्हणाला, "वीस."

दुकानात आधी कुणी हललं नाही. मग हसण्याचा असा काही गदारोळ झाला की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा कान कापायचा राहिला.

"सासरेबुवा!" कुणीतरी ओरडलं. "जावयाला आहेर दिलात व्हय!"

कारण स्टेटचा कोच हॉयट ब्रॅनम. दोन वर्षांपूर्वी गावात आला, आणि पहिल्याच वर्षी त्यानं व्हर्जिलच्या एकुलत्या एका मुलीशी, ट्विलाशी लग्न केलं. ट्विला अटलांटात नोकरी करत होती, आता काही ती परत येत नाही असं इमोजीननं मनाशी धरलं होतं. आणि ती आली, चार गल्ल्या सोडून घर घेतलं, रविवारी जेवायला यायला लागली. इमोजीनला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

व्हर्जिलनं आहेर दिला नव्हता. उन्हाळ्यात तो सरावाला जाऊन बसायचा. शिट्टी वाजल्यावरही पोरं घरी जात नव्हती, आपणहून पुन्हा लोखंडी ढकलगाडीला खांदे लावत होती. एवढ्या वर्षांत त्यानं हे पाहिलं नव्हतं. ते पाहून त्याच्या मनानं एक आकडा घेतला, आणि मनानं घेतला तो त्यानं सांगितला. बास.

आणि पोरांनी खरंच करून दाखवलं. दोनच सामने हरले. काल नव्या वर्षाच्या दिवशी लुइझियानात जाऊन शेवटचा सामनाही मारला. अख्खं गाव रेडिओला कान लावून रडलं.

पण कॉलेजच्या विश्वस्तांचा प्रमुख हॅस्केल प्रुइट हा माणूस वेगळा. त्याच्या मनात दुसराच एक नावाजलेला कोच भरला होता, त्याला आणायचा तर हॉयटला आधी काढायला हवा, आणि जिंकणाऱ्याला काढायचं कसं? म्हणून डिसेंबरात भर जेवणावळीत त्यानं सांगून टाकलं, पहिल्या विसांत आला तर करार वाढवतो, नाही आला तर हात जोडून निरोप. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं कोचचा हुरूप वाढवतोय.

निरोप म्हणजे ट्विला पण गेली. कोच माणसाचं बिऱ्हाड पाठीवर. वायोमिंगमध्ये काम मिळालं तर वायोमिंगला. इमोजीन चवळी का ढवळत होती ते आता कळलं असेल.

*

दुपारी 'गॅझेट'च्या कचेरीत दोघंच होती. व्हर्जिल आणि मॅक्सीन. मॅक्सीन छापायच्या आधी बातम्यांची कॉपी तपासायची. तिच्या कानामागची लाल पेन्सिल रात्री झोपतानाही तिथंच असते असं लोक म्हणायचे.

"बैस की जरा," ती म्हणाली. "फरशी झिजवशील."

"बसलोय."

"उभा आहेस तू, व्हर्जिल."

तेवढ्यात कोपऱ्यातलं टेलिप्रिंटर खडखडायला लागलं. न्यूयॉर्कहून आधी कच्ची यादी यायची, चार वाजेपर्यंत छापू नये, सांगू नये, अशा ताकिदीसकट. पाठोपाठ प्रत्येक लेखकाला त्याचं स्वतःचं मत परत यायचं, तपासून बघायला. तक्रार असेल तर चारच्या आत कळवा. व्हर्जिलला आजवर कधी तक्रार नव्हती.

कागद वर सरकत होता. अठरावं. एकोणिसावं. विसावं: प्लेन्स स्टेट. त्याखाली ओळ: यांनाही मतं पडली. आणि त्या ओळीत पहिलं नाव, टॅलोकी स्टेट. एका गुणानं मागं.

एका गुणानं! त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. गुण वाढले नाहीत. देशभरातल्या अनोळखी माणसांनी, ज्यांनी हे गाव नकाशात पाहिलं नव्हतं, त्यांनीसुद्धा पोरांना मतं दिली होती, आणि तरी एक कमी पडला. हॉयटचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. मग इमोजीनचा.

यंत्र थांबलं, श्वास घेतल्यासारखं गुरगुरलं आणि पुन्हा सुरू झालं. आता त्याचं स्वतःचं मत येत होतं. तो नुसता सवयीनं वाचत गेला. सगळं बरोबर, सगळं बरोबर, आणि विसावं: प्लेन्स स्टेट.

त्यानं ती ओळ बोट ठेवून वाचली.

मग त्याला सगळं समजलं. स्टेट, असं तो म्हणाला होता. नुसतं स्टेट. आणि पोरीनं वाचून दाखवताना 'प्लेन्स' म्हटलंही असेल, म्हटलंच असणार, पण त्याच्या कानाला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. जन्मभर एकच. त्याचा एक गुण इथून तिथं गेला असता तर टॅलोकी विसावं आणि प्लेन्स बाहेर. एवढं साधं होतं ते.

"काय रे?" मॅक्सीननं विचारलं. "पांढरा फटक पडलास."

"काही नाही. फोन करायचाय."

फोन त्यानं लगेच उचलला नाही. आता बदल मागितला तर लोक म्हणणार, यादी बघितली आणि जावयासाठी मत फिरवलं. म्हणू देत. मत खरं तेच होतं. यात खोटं बोलायचं कुणालाच काही कारण नव्हतं. मुलीचं घर वाचत होतं, खरं बोलून वाचत होतं. असा योग माणसाच्या आयुष्यात कितीदा येतो?

न्यूयॉर्कची लाइन लागेना. एंगेज. पुन्हा एंगेज. भिंतीवरचं घड्याळ चाराकडे निघालं होतं. मॅक्सीन आता कामाचं सोंगही करत नव्हती.

लागली एकदाची. मुख्य माणूस केसलर म्हणून होता, आवाजावरून वयस्कर, बरा.

"मिस्टर टिडवेल, तिनं तुम्हाला वाचून दाखवलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो. मला वाटलं, ती स्टेटच म्हणतेय."

"ती स्टेटच म्हणत होती."

"तसं नाही. मी स्टेट म्हणालो, म्हणजे आमचं स्टेट."

"अहो, कुठलं स्टेट? माझ्या पुस्तकात डझनभर आहेत! सकाळपासून ज्यानं त्यानं विसाव्याला प्लेन्स स्टेट सांगितलं, पोरीनं तेच लिहिलं. तिचं काय चुकलं?"

"तिचं नाही चुकलं," व्हर्जिल म्हणाला. "माझं चुकलं. पण माझं मत टॅलोकी स्टेटला आहे." ते पूर्ण नाव उच्चारताना त्याला दुसऱ्याच कुणाच्या गावाविषयी बोलल्यासारखं वाटलं.

केसलर थोडा वेळ कागद चाळत राहिला. "इतकी वर्षं तुम्ही मत देताय, कधी कटकट नाही. तुमचा शब्द मला पुरे आहे. फक्त नियम आहे म्हणून विचारतो, सगळ्यांनाच विचारतो. त्या कॉलेजचा पगार घेता?"

"नाही."

"मुलगा-बिलगा शिकतोय तिथं?"

"मला मुलगा नाही."

"मग झालं. करतो बदल. टॅलोकी विसावं. तिकडं आज दिवाळीच असेल म्हणा! ठेवू?"

"ठेवा," असं व्हर्जिल म्हणणार होता. शब्द ओठांवर आला होता. त्यानं एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. जे विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं. आता फक्त गप्प बसायचं, बाकी सगळं तो पलीकडचा भला माणूस करणार होता. आणि गप्प बसणं त्याला जमेना.

"थांबा," तो म्हणाला. "त्यांचा कोच माझा जावई आहे."

पलीकडे पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मी ते विचारलं नव्हतं, मिस्टर टिडवेल," केसलर म्हणाला. त्याला राग आला नव्हता. उलट वाईट वाटलं होतं, आणि तेच व्हर्जिलला सहन होत नव्हतं. "कशाला सांगितलंत?"

व्हर्जिलनं समोरचा यादीचा कागद घडी घालून बाजूला सारला.

"आता मला ऐकून न ऐकल्यासारखं करता येत नाही. त्या कॉलेजला तुमचं मतच चालत नाही, आज काय आणि सकाळी काय. त्या पोरीनं चुकून आपल्या दोघांवर उपकारच केलेत. यादी आहे तशीच राहील. आणि पुढच्या वर्षी..."

"कळलं," व्हर्जिल म्हणाला. "माझं नाव काढा."

त्यानं फोन ठेवला. मॅक्सीननं पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर आणून ठेवला.

*

चारला रेडिओनं यादी सांगितली. व्हर्जिल कोट घालून बफर्डच्या दुकानाकडे चालत निघाला. न जाऊन कसं चालणार? काच त्याची वाट बघत होती.

दुकान भरलेलं होतं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. खुर्चीत नेमका हॅस्केल प्रुइट, तोंडभर साबण लावून.

"एका गुणानं, व्हर्जिल," प्रुइट साबणातून म्हणाला. "चुटपुट लागते बघ. मलासुद्धा वाटतं वाईट."

"दिसतंय," बफर्ड वस्तऱ्याला धार लावत म्हणाला. दोघंतिघं खोकले.

"एक विचारू? तू घातलं होतंस का त्यांना?"

दुकानातली सगळी तोंडं व्हर्जिलकडे वळली. हो म्हणावं तर जावयाला मत दिलं. नाही म्हणावं तर गावाचा गळा कापला, आणि तोही एका गुणानं.

"मी फोनवर स्टेट सांगितलं," तो म्हणाला. "त्यांनी प्लेन्स स्टेट लिहिलं."

आधी कुणाला काही उमगलंच नाही. मग जनावरांच्या खाद्याचं दुकान चालवणारा म्हातारा डेल्मर कळवळून म्हणाला, "पण स्टेट म्हणजे स्टेटच की! त्यात लिहायला दुसरं काय आहे?"

"हेच तर," व्हर्जिल म्हणाला.

"मग फोन कर की त्यांना! सांग की! असं कसं चालेल?"

"केला. नाही होत आता."

प्रुइटनं डोळे मिटून घेतले. "सबबी काय, सगळ्यांकडे असतात," तो म्हणाला. बफर्डनं वस्तरा त्याच्या गळ्याशी नेला आणि जरा जास्तच वेळ तिथं धरला, असं पुढं गावात सांगत. प्रुइट पुढं काही बोलला नाही एवढं खरं.

व्हर्जिलनं बादली घेतली आणि तो बाहेर गेला. काच पुसताना आतून शिट्ट्या मारायच्या, टोमणे हाणायचे, अशी रीत. आतून आवाज आला नाही. गार वारा सुटला होता. ऑगस्टातलं पॉलिश काचेला चिकटून बसलं होतं. आधी नखानं खरवडायचं, मग फडकं. दोनाचा वरचा बाक निघाला तेव्हा मागं पिकअप थांबली.

हॉयट उतरला. अंगात कॉलेजचं मरून रंगाचं जाकीट. लग्नाला एवढे दिवस झाले तरी तो सासऱ्याला 'मिस्टर टिडवेल' म्हणायचा.

"मिस्टर टिडवेल, राहू द्या हो ते."

"ऐकलंस?"

"गाडीत ऐकलं."

व्हर्जिलनं फडकं बादलीत टाकलं आणि त्याला सांगितलं. पोरीचा फोन, स्टेट, प्लेन्स स्टेट, सगळं. "मी टॅलोकी म्हणालोच नाही रे. नुसतं स्टेट म्हणालो."

हॉयटनं बादली पायानं भिंतीशी सरकवली. "टॅलोकी स्टेट म्हणतंय कोण?" तो म्हणाला. "मी पण स्टेटच म्हणालो असतो."

इथं गप्प बसायला हरकत नव्हती. पण आज व्हर्जिलला गप्प बसायचं वावडं होतं.

"ते बदलत होते, हॉयट. हो म्हणाले होते. मग मी सांगितलं, तू माझा कोण लागतोस ते."

"त्यांनी विचारलं?"

"नाही."

हॉयटनं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. त्याच्या भरवशावर मैदानात उतरणारी अकरा पोरं होती, त्यांच्या मागं आणखी पन्नास. शिट्टी वाजल्यावरही घरी न जाणारी. त्यांना तो उद्या काय सांगणार होता?

"ट्विलाला हे तुम्ही सांगायचं," तो म्हणाला. "मी नाही सांगणार." आणि पिकअपमध्ये बसून गेला.

व्हर्जिलनं उरलेला आकडा पुसला. शून्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

*

ट्विलाला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं, इमोजीनच्या समोर. ट्विला टेबलावर कोपर टेकून ऐकत राहिली. मग रडता रडता मध्येच हसली. "डॅडी, तुला दुसरं काही जमलंच नसतं," ती म्हणाली. "मी लहान असताना सिनेमाच्या तिकिटाला माझं वय एक वर्ष कमी सांग म्हणून मम्मी किती मागं लागायची, आठवतंय? नाही सांगितलंस कधी."

इमोजीनला हसू आलं नाही. "गप्प बस म्हणून सांगायला तिथं मी हवी होते," ती म्हणाली. "खोटं बोल असं कोण म्हणतंय? नुसतं गप्प बसायचं होतं रे. पोरगी होती माझी जवळ. आता जाईल ती." त्यानंतर बरेच दिवस ती त्याचं ताट वाढायची आणि स्वतः खिडकीशी बसून जेवायची. तिचं म्हणणं व्हर्जिलला पटत होतं, हीच तर अडचण होती.

विश्वस्तांची सभा पुढच्या आठवड्यात झाली आणि हॉयटला निरोप मिळाला. बातमी लिहायची व्हर्जिललाच होती. खेळांच्या पानाला दुसरा माणूसच नव्हता. त्यानं रीतसर फोन लावला.

"कोच ब्रॅनम, गॅझेटमधून बोलतोय. तुम्हाला काही म्हणायचंय का?"

"छापा की, पोरांनी मान खाली घालायचं कारण नाही. ते विसावेच होते." मागं खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. "इडाहोत जातोय आम्ही. शाळेची टीम आहे, लहानशी. ट्विलानं सांगितलंच असेल."

"सांगितलं."

"आणि मिस्टर टिडवेल, पूर्ण नाव घाला या वेळी."

व्हर्जिल हसला की आणखी काही झालं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं फोन ठेवला आणि टाइपरायटर पुढं ओढला.

बातमी चार परिच्छेदांची झाली. मॅक्सीननं ती उभ्या उभ्याच वाचायला घेतली. पहिल्याच ओळीत 'टॅलोकी स्टेट' होतं. तिची पेन्सिल सवयीनं 'टॅलोकी'वर गेली.

"राहू दे ते," व्हर्जिल म्हणाला.

तिनं भुवया उंचावल्या, पण पेन्सिल उचलली. वाचत वाचत ती शेवटच्या ओळीशी आली: प्रशिक्षक ब्रॅनम हे प्रस्तुत बातमीदाराचे जावई आहेत.

"हे कशाला रे?" मॅक्सीन म्हणाली. "आख्ख्या गावाला माहीत आहे."

"गावाला माहीत आहे गं," व्हर्जिल म्हणाला. "बाहेरच्यांना कसं कळणार?"

मॅक्सीननं पेन्सिल कानामागं खोचली आणि कागद तसाच खाली छापायला पाठवून दिला.